मुलाच्या पोटगीचा आदेश आहे, पैसे मात्र येत नाहीत: वसुली कुठे अडते आणि कशी सोडवायची

घटस्फोट झाला, मुलाच्या पोटगीचा आदेश हातात आला, दोन-तीन महिने पैसे आले आणि मग बंद. यानंतर बऱ्याच जणी वाट बघत बसतात, कारण आदेश कोर्टाचा आहे, तेव्हा कोर्टच बघेल असे वाटते. कोर्ट बघत नाही. हप्ता थकला हे न्यायालयाला आपोआप कळण्याची सोय नाही आणि थकबाकीचा अर्ज पडल्याशिवाय फाइल हलत नाही. अर्ज पडूनही वसुली होत नसेल, तर गाडी बहुधा खाली दिलेल्यांपैकी एखाद्या जागी रुतलेली असते. मूल आईकडे आणि देणेकरी वडील, हा नेहमीचा प्रकार इथे धरला आहे.

आधी आदेशावरचे कलम वाचा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या वाटेने गेल्यामुळे. 'पोटगी' किंवा गावाकडची 'खावटी' हा बोलण्यातला शब्द एकच असला तरी कायद्यात त्याच्या मुख्य वाटा तीन आहेत आणि प्रत्येकीची वसुली वेगळी होते.

पहिली वाट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. वसुलीची तरतूद आता १४४(३) आणि १४७ मध्ये आहे (पूर्वी १२५(३) आणि १२८), आणि रक्कम वाढवणे-कमी करणे १४६ मध्ये (पूर्वी १२७). आदेश जुन्या कलमाखालचा आणि वसुलीचा अर्ज आज करायचा असेल, तर शीर्षकात नवे कलम लिहून कंसात जुने लिहावे. कलमाचा आकडा चुकला म्हणून अर्ज मरत नाही, पण कारकुनाने परत पाठवला की पंधरा दिवस जातात.

दुसरी वाट घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलासाठी ठरलेली रक्कम, किंवा परस्पर संमतीच्या घटस्फोटात संमतीपत्रात लिहिलेली. ही दिवाणी वाट आहे. इथे वॉरंटचा अर्ज चालत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज) दाखल करावी लागते.

तिसरी वाट कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० ची. ती दंडाधिकाऱ्यांपुढे चालते.

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयात प्रकरणाच्या क्रमांकातले अक्षरच बरेच सांगून जाते: 'ए' म्हणजे घटस्फोट वगैरे वैवाहिक याचिका, 'एफ' म्हणजे परस्पर संमतीची, 'ई' म्हणजे कलम १२५ ची. 'एफ' प्रकरणातल्या संमतीपत्रावर बोट ठेवून कोणी वॉरंट मागत असेल, तर सहा महिन्यांनी अर्ज फेटाळला जाण्याची तयारी ठेवावी. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम १८ हाच भेद करते. पोटगीच्या फौजदारी प्रकरणातला आदेश फौजदारी संहितेप्रमाणे अमलात येतो, बाकीचे सगळे दिवाणी हुकूमनाम्यासारखे.

काहींच्या हातात दोन आदेश असतात. 'ई' मध्ये ५,००० आणि हुकूमनाम्यात ७,०००, असे. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात आधीचा आदेश नंतरच्या न्यायालयापुढे उघड करायला सांगितले आहे, म्हणजे वळते करणे किंवा समायोजन ते न्यायालय ठरवील. त्याच महिन्याचे पैसे दोन्हीकडे मागितल्याचे दिसले की समोरचा वकील बाकी काही बोलतच नाही, एवढेच वाचून दाखवतो.

हिशोबाचा कागद: इथेच निम्मी लढाई

'गेले दीड वर्ष काही दिले नाही' असे अर्जात लिहिणे म्हणजे उलटतपासणीला आमंत्रण. त्याने मधे ५,००० टाकलेले असतात, त्याची पावती तो दाखवतो आणि मग अर्जदाराचे सगळेच म्हणणे खोटे ठरवायला बघतो. म्हणून एका पानावर पाच रकाने आखा: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम आणि तारीख, शिल्लक. सोबत बँकेचे शिक्क्यासह विवरण जोडा. रोख मिळालेले पैसेही प्रामाणिकपणे लिहा.

एक उदाहरण. आदेश दरमहा ९,०००, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, एप्रिल २०२४ पासून. अर्ज दाखल झाला १० ऑगस्ट २०२५ ला. एकूण १७ महिने, म्हणजे १,५३,०००. मधल्या काळात जून २०२४ मध्ये ५,०००, नोव्हेंबरमध्ये ९,००० आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४,००० आले. मिळाले १८,०००, शिल्लक १,३५,०००. इथपर्यंत वाद नाही.

आता मेख. फौजदारी वाटेत, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या आधी देय झालेले हप्ते या अर्जातून बाहेर पडले. पण नेमके कोणते? आलेले पैसे ज्या त्या महिन्याला लावले, तर एप्रिल ते ऑगस्ट २०२४ मधले ४०,००० मुदतीबाहेर जातात आणि वॉरंट निघते ९५,००० चे. तेच १८,००० सर्वांत जुन्या थकबाकीत वळते केले, तर एप्रिल आणि मे फिटतात, मुदतीबाहेर जातात फक्त २७,००० आणि वॉरंट निघते १,०८,००० चे. पैसे पाठवताना त्याने कोणत्या महिन्याचे ते लिहिले नसेल, तर जुने आधी फेडले गेले असे धरणे करार कायद्याच्या चौकटीत बसते. मात्र यूपीआयच्या नोंदीत त्याने 'नोव्हेंबर २०२४ ची पोटगी' असे लिहिलेले असेल, तर ती त्याच महिन्याला लागेल. म्हणून तक्ता भरण्याआधी त्या नोंदी एकेक उघडून बघाव्यात.

वर्षाच्या मर्यादेबद्दल दोन गैरसमज सारखे दिसतात. एक, मुदत गेली की पैसे बुडाले. तसे नाही. मर्यादा वॉरंटच्या उपायाला आहे, देणे मिटत नाही. पूंगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. हाती दिवाणी हुकूमनामा असेल तर तिथे मुदत १२ वर्षांची, आणि ती प्रत्येक हप्ता थकल्याच्या तारखेपासून मोजायची. दुसरा गैरसमज, अर्ज प्रलंबित असताना पुढच्या प्रत्येक वर्षासाठी नवा अर्ज हवाच. पहिला अर्ज मुदतीत असेल तर पुढे साचत गेलेली थकबाकी त्यातच पुरवणी अर्जाने घेता येते. ती वेळच्या वेळी घ्यावी. तीन वर्षांनी एकदम आकडा वाढवला की समोरून हरकत ठरलेली.

व्यवहारात सगळ्यात सोयीचे म्हणजे तीन-चार हप्ते थकले की अर्ज. रक्कम लहान असते, तो भरू शकतो, आणि वर्षाची तलवार डोक्यावर राहत नाही.

वॉरंट निघाले, पण 'मिळून आला नाही'

कायद्याने ठरवलेला क्रम असा आहे: दंड वसूल करतात तसे आधी वसुली वॉरंट, त्यातूनही जे उरेल त्यासाठी कैद. कित्येकदा अर्जात थेट अटक मागितली जाते, न्यायालयही कंटाळून अजामीनपात्र वॉरंट काढते, आणि मग वरच्या न्यायालयात क्रम चुकला म्हणून ते रद्द होते. सगळे परत पहिल्यापासून. म्हणून अर्जात आधी जंगम मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट मागा, आणि जमीन-घर असेल तर त्याच अर्जात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही मागा (नव्या संहितेचे कलम ४६१). दुसऱ्या प्रकारात कागद जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी असा उतरतो. त्याला वेळ लागतो, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला की जमीन विकायला निघालेला माणूस स्वतःहून फोन करतो. या वाटेने त्याला अटक मात्र होत नाही.

वॉरंट पोलीस ठाण्यात गेले की ते कोणत्या हातात आहे हे शोधणे तुमचे काम. न्यायालयातून जावक क्रमांक आणि तारीख घ्या, ठाण्यात जाऊन समन्स-वॉरंट बघणारे अंमलदार कोण ते विचारा, आणि त्यांना एक कागद द्या: त्याचा अलीकडचा फोटो, राहण्याचा पत्ता, कामाचे ठिकाण आणि वेळ, गाडीचा नंबर, घरी हमखास सापडतो तो वार. ही माहिती तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढच्या तारखेला अहवाल 'सदर इसम मिळून आला नाही' असा आला, तर तीच शिक्क्याची प्रत न्यायालयापुढे ठेवायची आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षकांकडून खुलासा किंवा अधीक्षक-उपायुक्तांमार्फत बजावणी मागायची. आवक शिक्का नसेल तर हा मुद्दा मांडताच येत नाही.

पत्ता बदलला, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर जुन्याच ठाण्याला वॉरंट पाठवत राहण्यात अर्थ नाही. कलम १४७ प्रमाणे तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून आदेश अमलात आणता येतो. आदेशाची प्रत या कामासाठी मोफत मिळते, नक्कल विभागात तसे लिहून मागा. दिवाणी हुकूमनामा असेल तर तो त्या ठिकाणच्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

नोकरी आहे, पगार येतो, तरी पैसे नाहीत

पगार जप्ती हा सगळ्यांत स्वच्छ उपाय, आणि नेमका तोच अनेक जणी मागत नाहीत. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक-तृतीयांश सुटतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०). म्हणजे ४५,००० पगारावर सावकाराला जास्तीत जास्त १४,६६७ रुपये धरता येतील, मुलाला ३०,०००. दरमहा ९,००० चालू आणि बाकी थकबाकीपोटी, असा हुकूम मागण्याला इथे भरपूर जागा आहे. 'माझे गृहकर्जाचे हप्ते जातात' हे या गणितात येत नाही.

दरखास्तीत मालकाचे नाव अर्धवट लिहिणे ही नेहमीची चूक. सरकारी नोकर असेल तर नोटीस आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (पगार काढून वाटणारा अधिकारी) पदनामाने काढावी लागते. शिक्षकाचा पगार शालार्थमधून निघतो, राज्य कर्मचाऱ्याचा सेवार्थमधून, आणि देयकावर सही कोणाची ते कार्यालयात विचारून घ्या. 'जिल्हा परिषद, अमुक' असे मोघम लिहिले की नोटीस आवक कक्षात पडून राहते. खासगी कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालय आणि वेतन विभाग, दोन्ही पत्ते द्या. नोटीस मिळूनही मालकाने कपात न करता पूर्ण पगार दिला, तर ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते (आदेश २१, नियम ४८ आणि ४८-अ). हे वाक्य नोटिशीत आवर्जून घालावे. वेतन विभाग ते वाचून जागा होतो.

खासगी नोकरी बदलली की जुन्या मालकावरचा हुकूम कामाचा राहत नाही, नव्या मालकाला नवी नोटीस लागते. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका.

'ई' प्रकरणातल्या आदेशावर पगारकपात मिळते का? काही न्यायालये मालकाला थेट निर्देश देतात, काही वॉरंटचाच आग्रह धरतात. रजनेश निकालात पोटगीचा आदेश पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येईल असे म्हटले आहे, त्याची प्रत अर्जाला जोडा. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर हा अधिकार स्पष्टच लिहिलेला आहे: कलम २०(६), मालकाने पगाराचा भाग परस्पर अर्जदाराला द्यावा किंवा न्यायालयात भरावा.

सातारा-कोल्हापूरकडे हमखास निघणारा एक प्रश्न: तो सैन्यात आहे. इथे दिवाणी जप्ती चालत नाही. सैन्य अधिनियमाचे कलम २८ सैनिकाच्या पगाराला दिवाणी जप्तीपासून संरक्षण देते. पण म्हणून वाट बंद नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपातीची सोय आहे, आणि ती सैन्याकडेच मागायची असते. आदेशाची प्रमाणित प्रत, मुलाचा जन्मदाखला, बँक तपशील आणि थकबाकीचा तक्ता, हे सगळे त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे आणि रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवावे.

धंदा आहे, शेती आहे, नावावर काहीच नाही म्हणतो

दिवाणी वाटेत सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार म्हणजे आदेश २१ चा नियम ४१. न्यायालय देणेकऱ्याला मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावते. न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. शपथपत्र खोटे निघाले तर ते वेगळे प्रकरण. मूळ खटल्यात त्याने दिलेले मालमत्ता-दायित्वाचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवून तुलना करा. तेव्हा दाखवलेली गाडी आता कुठे गेली, हा प्रश्न बरोबर लागतो.

बँक खाते जप्त करताना शाखा आणि खाते क्रमांक हवा. आणि एक गंमत (त्याच्यासाठी): खाते कॅश क्रेडिटचे असेल तर ते उणे शिल्लकीत चालते, जप्त करायला त्यात काही नसतेच. बचत खात्यातही बँकेला हुकूम मिळेल त्या दिवशीची शिल्लक धरली जाते. म्हणून हुकूम हमदस्त (स्वतःच्या हाती) घेऊन, पैसे जमा होण्याच्या दिवसांत पोचवलेला बरा. दुकान असेल तर गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक आणि मोठा ग्राहक कोण ते शोधा.

शेतकरी असेल तर जमिनीपेक्षा येणे शोधा. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणत्या संघाला घालतो. कारखान्याकडे त्याचे बिल येणे असेल तर ते तिसऱ्याकडचे कर्ज म्हणून जप्त होते, आणि कारखान्याला ते परस्पर न्यायालयात भरण्याची नोटीस निघते (नियम ४६-अ). त्यासाठी सभासद क्रमांक किंवा ऊस नोंदीचा तपशील द्यावा लागतो. बैल, अवजारे, बियाणे यांवर जप्ती चालत नाही. बेलिफाला घेऊन गोठ्यात जाणे हा वाया गेलेला भत्ता आहे.

त्याच्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरावर त्याची थकबाकी बसत नाही. वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा मात्र जप्त होतो. आदेशानंतर लगेच भावाच्या नावे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र झालेले आढळले, तर फेरफाराची नक्कल काढून ठेवा. धनकोंना बुडवण्यासाठी केलेले हस्तांतर रद्द करून मागता येते, आणि तारखा जुळल्या की न्यायालयाला फार समजवावे लागत नाही.

तुरुंगात जाऊन आला, आता म्हणतो हिशोब मिटला

मिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या निकालापासून हे ठरलेले आहे: कैद हे वसुलीचे साधन, फेड नव्हे. एका अर्जावर एक महिन्यापेक्षा जास्त कैद देता येत नाही, पण सुटून आल्यावरही दिले नाही तर परत अर्ज करता येतो, असे शहादा खातून (१९९९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. लहान-लहान थकबाकीचे वेळच्या वेळी अर्ज करण्याचे हे आणखी एक कारण.

दिवाणी दरखास्तीत अटक मागितली, तर तुरुंगातल्या त्याच्या खाण्याचा भत्ता दरखास्तदाराला आगाऊ भरावा लागतो. हे ऐकून धक्का बसतो, पण कलम ५७ तसेच आहे. म्हणून दिवाणी वाटेत आधी पगार आणि खाते बघावे, अटक शेवटी.

जास्त त्रास होतो तो तुरुंगाच्या दारातून परत फिरण्याचा. वॉरंट बजावले जाते, १,०८,००० पैकी २०,००० भरतो, उरलेल्यासाठी 'दरमहा १०,००० देतो' असे हमीपत्र देतो आणि सुटतो. मग १०,००० येत राहतात आणि सगळ्यांना वाटते वसुली चालू आहे. हिशोब करा: चालू महिन्याची पोटगी ९,००० आहे. म्हणजे थकबाकी महिन्याला फक्त १,००० ने कमी होतेय. ८८,००० फिटायला सात वर्षांहून जास्त लागतील, तोवर मूल कॉलेजात. हप्ता ठरवताना आदेशात शब्द हवेत: 'चालू पोटगीव्यतिरिक्त'. म्हणजे महिन्याला १९,०००. शिवाय 'एक हप्ता चुकल्यास पुन्हा नोटीस न काढता वॉरंट' हेही त्याच दिवशी लिहून घ्यावे. युक्तिवाद संपल्यावर न्यायाधीश आदेश सांगत असतात तेव्हाच वकिलाने हे बोलले पाहिजे, नंतर दुरुस्ती मिळवणे कठीण.

न्यायालयात भरलेले पैसे नाझराकडे (न्यायालयाचे पैसे सांभाळणारा अधिकारी) जमा होतात, खात्यात आपोआप येत नाहीत. पैसे काढण्याचा स्वतंत्र अर्ज, ओळखपत्र, पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश लागतो. काही प्रकरणांत पैसे वर्षभर तिथेच पडून असतात आणि आई समजते त्याने भरलेच नाहीत.

नेहमीच्या सबबी, झटपट

'मुलाला भेटू देत नाही.' भेटीचा आदेश वेगळा, पोटगी वेगळी. तो भेटीसाठी अर्ज करू शकतो, पैसे थांबवू शकत नाही. (आणि भेट अडवणाऱ्या आईचे न्यायालयात हसे होते, तेही खरे.)

'नोकरी गेली.' तर त्याने रक्कम कमी करण्याचा अर्ज करायचा असतो. कमी होईपर्यंत जुनाच आकडा चालतो. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पोसावे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा घेतली आहे.

'वर अपील केले आहे.' स्थगितीचा आदेश दाखव म्हणावे. नुसते अपील किंवा फेरतपासणी दाखल होणे म्हणजे स्थगिती नाही. स्थगिती रक्कम भरण्याच्या अटीवर असेल तर ती अट पाळली का ते ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून बघा.

'तिने दुसरे लग्न केले.' तिची पोटगी थांबेल, मुलाची नाही.

'मी शाळेची फी भरली, कपडे घेतले.' आदेशात तसे वळते करण्याची मुभा नसेल तर ते त्याच्या हौसेचे.

'तिने संमतीपत्रात मुलाची पोटगी सोडली आहे.' मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही. संमतीपत्रात आकडाच नसेल तर दरखास्त चालणार नाही, पण मुलाच्या नावे नवा अर्ज चालतो.

आदेशच लंगडा असेल तर

'अर्जदार क्र. १ व २ यांना मिळून १२,०००' असा एकत्रित आदेश पुढे हमखास गोंधळ घालतो. आईने लग्न केले की किती कमी करायचे, कोणालाच माहीत नाही. मुलाचा वाटा वेगळा ठरवून घेण्याचा अर्ज थकबाकीचा वाद पेटण्याआधी करावा. 'शैक्षणिक खर्चाचा निम्मा वाटा पित्याने उचलावा' हे वाक्य वाचायला छान, वसूल करायला अवघड, कारण आकडा नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पावती महिन्याभरात ई-मेलने पाठवणे आणि वर्षाअखेर निम्मी रक्कम निश्चित करून मागणे. 'दरवर्षी १० टक्के वाढ' असेल तर ती मूळ रकमेवर की वाढीव रकमेवर? १०,००० चे तिसऱ्या वर्षी १२,००० की १२,१००? संमतीपत्रावर सही होण्याआधी प्रत्येक वर्षाचा आकडाच लिहून टाकावा.

परदेशात गेला

अवघड, पण हात बांधलेले नाहीत. त्याच्याविरुद्ध समन्स किंवा वॉरंट निघालेले असेल, तर ते पासपोर्ट कार्यालयाच्या निदर्शनास आणता येते आणि पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्त किंवा रद्द करण्याची कार्यवाही होऊ शकते. इथली त्याची मालमत्ता, सदनिकेचे भाडे, बँक ठेवी यांवर दरखास्त नेहमीसारखीच चालते. तो अमेरिकेत असेल आणि तिथल्या राज्यात पोटगीचा आदेश मिळवता आला, तर तिथली यंत्रणा बरीच कडक आहे: २,५०० डॉलरपेक्षा जास्त थकले की अमेरिकी पासपोर्टच नाकारला जातो.

खर्च आणि वकील

महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने. कोणी स्टॅम्प मागितला तर ती दाखवावी. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समिती, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन.

मूल अठरा वर्षांचे होतेय

कलम १४४ ची चालू पोटगी साधारणपणे सज्ञान झाल्यावर थांबते. अपंगत्वामुळे स्वतःला पोसू न शकणाऱ्या अपत्याची मात्र पुढेही चालते. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २०(३) खाली लग्न होईपर्यंत मागता येते, पण त्यासाठी वेगळी दिवाणी मागणी करावी लागते. अठरापर्यंतची थकबाकी कुठेही जात नाही. फक्त एक गोष्ट वेळेत करा: दरखास्तीत मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' (अज्ञानाची पालनकर्ती म्हणून आई) असे लिहिलेले असते. वाढदिवसानंतरच्या पहिल्याच तारखेला जन्मदाखला जोडून ते काढायचा अर्ज द्या आणि मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या सहीचे वकीलपत्र दाखल करा. नाहीतर पुढच्या तारखेला समोरचा वकील उभा राहून म्हणतो की आईला आता अर्ज चालवायचा अधिकारच नाही, आणि आणखी दोन महिने जातात.